शब्द सांग, मगच पासपोर्ट!

माझ्या मुलीला या जगात कुणीही पळवून नेऊ शकणार नाही!

हे मी अगदी छातीठोकपणे सांगते. इतरांच्या मुलांचं मला माहीत नाही, पण आमच्या बटणला हात लावायची कुणाची टाप नाही. बटण म्हणजे माझी चार वर्षांची लेक. जन्मली तेव्हा एवढीशी होती, वाटोळी होती आणि जिथे ठेवाल तिथे अडकून बसायची, म्हणून बटण.

मी मूळचीच भित्री. झुरळ, लिफ्ट, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, सगळ्यांना मी न चुकता घाबरते. पण आई झाल्यापासून धंदा वाढला. पूर्वी मी किरकोळ घाबरायचे, आता घाऊक घाबरते! त्यातून बटणचे बाबा जहाजावर, इंजिनरूममध्ये. सासूबाई घरात असतात, पण त्या कशालाच घाबरत नाहीत. म्हणजे घाबरायला दुसरं माणूसच नाही. सगळ्यांच्या वाटणीचं मलाच घाबरावं लागतं. म्हणून मी एक पद्धत बसवली. घराबाहेर आपण एकमेकींपासून जराही लांब गेलो, की पुन्हा हात धरण्याआधी न्यायला आलेल्या माणसाने बटणच्या कानात गुप्त शब्द सांगायचा. शब्द बरोबर असला तर हात धरायचा. चुकला, तर दोन पावलं मागे सरकायचं आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचं, ‘ही माझी आई नाही!’ किंवा मामा नाही, काका नाही, समोर जो कोण असेल तो नाही!

“आणि तूच असलीस तर?” बटणने विचारलं होतं.

“मी असले तरी! माझ्यासारखी दिसणारी दुसरी कुणी आली म्हणजे?”

“तुझ्यासारखी दुसरी?” जहाजावरून नवरा म्हणाला. “अगं, एकीलाच सांभाळता सांभाळता मी समुद्रावर पळालो!”

त्याला हसू दे. आम्ही तालमीसुद्धा केल्या. सासूबाई मुलं पळवणारी झाल्या. माझा गॉगल लावून, डोक्याला स्कार्फ गुंडाळून इमारतीखाली चॉकलेट घेऊन उभ्या राहिल्या. बटण अशी काही किंचाळली, की तिसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर झाडू घेऊन धावत आले. सासूबाईंना तो पायावर बसला. पण गुडघा चोळत त्या अभिमानाने म्हणाल्या, “पोरगी तयार झाली हो!”

सासूबाईंनाही मीच तयार केलं होतं. “आई, फोनवर अगदी माझा आवाज आला तरी विश्वास ठेवायचा नाही. हल्ली आवाजसुद्धा नकली काढतात.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते फार महागात पडणार आहे.

तर, पासपोर्ट. नवऱ्याचं जहाज दुरुस्तीसाठी परदेशातल्या एका गोदीत काही आठवडे थांबणार होतं आणि तेवढ्यापुरती कंपनी घरच्यांना तिकडे येऊ देणार होती. गोदीतून सुटलं, की जहाज पुन्हा लांबच्या फेरीला. मागच्या सुट्टीत तो आला तेव्हा बटण भिंत धरून चालत होती. मग त्याच्या जागी यायचा माणूस आलाच नाही, याची मुदत वाढली, पुन्हा वाढली. समुद्रात नेट असं, की चेहरा दिसेपर्यंत आवाज जातो, म्हणून आम्ही आवाजावरच भागवतो. बटणच्या हिशेबी बाबा म्हणजे फोनमधून येणारा एक आवाज. एकदा जेवता जेवता तिने विचारलं, “आई, बाबांना पाय असतात?”

मी हसले. आणि मग बाथरूममध्ये जाऊन उगाचच नळ सोडून उभी राहिले.

तेव्हाच ठरवलं, या गोदीत पोचायचंच! माझा पासपोर्ट होता. बटणचा काढायचा होता. त्यात काय मोठंसं? कागदपत्रांच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही. मूल अल्पवयीन असलं तर आई-वडील दोघांचीही संमती लागते. एकजण येऊ शकत नसेल, तर त्याचं सही-शिक्क्याचं संमतिपत्र लागतं. नवऱ्याने कॅप्टनसमोर सही करून, जहाजाचा शिक्का मारून ते पाठवलं. मी त्याच्या इतक्या प्रती काढल्या, की झेरॉक्सवाल्याने खुर्ची दिली.

निघायच्या दिवशी सकाळी मी फरशीवर बसून कागदांना टाचण्या मारत होते. बटण माझ्या गळ्यात पडून काहीतरी सांगत होती. सासूबाई मागून काहीतरी सांगत होत्या. मी “हो हो” म्हणत होते. तोंडात टाचण्या धरून जितकं म्हणता येतं तितकं.

ऑफिस काचेचं होतं. इकडे काच, तिकडे काच, मध्ये माणसं. मत्स्यालयात टोकन घेऊन बसल्यासारखं. आमचा नंबर लागला. खिडकीत एक मॅडम होत्या. चष्मा साखळीला बांधलेला, आणि चेहऱ्यावर असा भाव, की सूर्य उगवलाय याचाही पुरावा मागतील.

“मुलीचे वडील?”

“समुद्रात.”

त्यांनी चष्मा लावला. “म्हणजे?”

“नाही नाही! तसे नाही! जहाजावर! नोकरीला!”

त्यांनी संमतिपत्र उचललं, आडवं धरलं, उभं धरलं. मग नवऱ्याच्या पासपोर्टची प्रत शेजारी ठेवली.

“ही सही आहे की ईसीजी?”

मी वाकून पाहिलं. इतक्या प्रती काढल्या, पण सहीकडे मी बघितलंच नव्हतं! सही पासपोर्टवर गोगलगाईसारखी सरळ गेली होती. संमतिपत्रावर तिने डोंगर चढले होते, दऱ्या उतरल्या होत्या आणि शेवटी कागदाच्या कडेवरून उडी मारली होती.

“मॅडम, समुद्र खवळला असेल हो.”

“समुद्राने सही करायची नसते,” त्या म्हणाल्या. “बघू. आधी फोटो काढून घ्या. पालकांनी बाहेर थांबायचं.”

फोटोची खोली म्हणजे काचेचा आणखी एक डबा. मीच बटणला स्टुलावर बसवलं, केस सारखे केले आणि बाहेर आले. काचेतून ती फारच लहान दिसत होती. पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते. मला वाटलं, सही नापास झाली तर? हे पाय बाबांच्या पायांशेजारी कधी बघायला मिळणार?

फोटो झाला. दार उघडलं. मी हात पुढे केला.

बटणने हात मागे घेतला. “शब्द?”

शाब्बास! इतक्या गडबडीतही विसरली नाही. मला भरून आलं. मी वाकून तिच्या कानात म्हटलं, “वाकडा चमचा.”

बटणचे डोळे बशीएवढे झाले. ती दोन पावलं मागे सरकली.

“तो जुना आहे,” ती म्हणाली.

“जुना? कधीपासून?”

“सकाळपासून. आजी गॅलरीतून मोठ्याने ओरडली होती, वाकडा चमचा, वर ये. नळवाल्या काकांनी ऐकलं. म्हणून बदलला. मी तुला सांगितलं. तू हो हो म्हणालीस.”

माझ्या जिभेला टाचण्या टोचल्या. “बटण, राणी, हळूच सांग ना, काय होता नवा?”

याहून मोठी चूक दुसरी नाही. कारण पद्धतीचं पुढचं कलमही माझंच होतं. शब्द विचारणारा माणूस तर सर्वांत धोकादायक!

बटणने छाती भरून श्वास घेतला. मी म्हटलं, “नको नको नको...”

“ही माझी आई नाहीऽऽऽ!”

काचा थरथरल्या. टोकनवाले उठून उभे राहिले. शिक्का मारणाऱ्याचा हात हवेतच राहिला. दारावरचे दांडगे पहारेकरी काका दाराला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी कडी सरकवली. त्या कडीचा आवाज मला अजून ऐकू येतो.

“मीच आई आहे!” मी ओरडले.

“सगळ्या असंच म्हणतात,” रांगेतल्या एक आजीबाई म्हणाल्या.

मॅडम खिडकी सोडून बाहेर आल्या. पहिल्यांदा कळलं की त्या चांगल्याच उंच होत्या. त्या माझ्या आणि बटणच्या मध्ये उभ्या राहिल्या. “बाळ, तुझं नाव काय?”

बटणने ओठ घट्ट मिटले. अनोळखी माणसाला नाव सांगायचं नाही, हे कुणी शिकवलं? मी!

“कुठे राहतेस?”

गप्प. पत्ताही सांगायचा नाही.

“ही बाई कोण?”

बटणने माझ्याकडे पाहिलं. तिचा खालचा ओठ थरथरत होता. तिला धावत यायचं होतं, मला दिसत होतं. पण नियम म्हणजे नियम. “शब्द चुकला,” एवढंच ती म्हणाली आणि चक्क मॅडमच्या मागे जाऊन उभी राहिली!

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांच्या डोक्यातला हिशेब ऐकू येत होता. बाई एकटी. बाप समुद्रात. सही संशयास्पद. मुलीला देशाबाहेर न्यायची घाई. आणि मुलगी म्हणते, ही माझी आई नाही. त्यांच्या जागी मी असते, तर मी मला केव्हाच बेड्या घातल्या असत्या.

“मुलगी आमच्याजवळ बसेल,” त्या शांतपणे म्हणाल्या. “बालसंरक्षणवाल्यांना फोन करावा लागेल.”

मी कशाकशाला भीत आले होते, ताप, जिना, विजेची बटणं, रस्त्यावरची कुत्री. पण माझी मुलगी काचेच्या त्या बाजूला आणि मी या बाजूला, आणि ही काच मीच बसवलेली, ही भीती माझ्या यादीत कुठेच नव्हती. बटणला बाकावर बसवून कुणीतरी बिस्किट दिलं. तिने ते खाल्लं नाही. अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही. किती गुणाची पोर!

“एक फोन करते!” मी म्हटलं. “माझ्या सासूबाईंना सगळं माहीत आहे.” मॅडमनी मान डोलावली. “स्पीकरवर.”

“आई! मी बोलतेय! नवा शब्द काय आहे?”

पलीकडून सावध आवाज. “कोण मी?”

“अहो मी! सूनबाई!”

“सूनबाईचा आवाज काढतेस का गं भवाने? तिनेच सांगितलंय मला, हल्ली आवाज नकली काढतात. खरी असशील तर आधी शब्द सांग!”

“अहो, शब्द माहीत असता तर फोन कशाला केला असता?”

“बघ! माहीत नाही म्हणजे तू ती नव्हेस. आमच्या सुनेला सगळं माहीत असतं. ठेव फोन, नाहीतर मास्तरांना बोलावीन, झाडू घेऊन!”

फोन कट. पुन्हा लावला, तर बंद. आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंनी माझं ऐकलं होतं आणि तेही इतकं!

तोवर सगळं ऑफिस या शब्दामागे लागलं होतं. एक टकलू काका बटणसमोर उकिडवे बसून म्हणाले, “लाल फुगा?” बटणने मान हलवली. “सोनेरी मासा?” पहारेकरी काकांनी दारावरूनच विचारलं. नाही. “गरमगरम इडली?” मागून कुणीतरी. त्या माणसाला भूक लागली असावी. मी भिंतीला टेकून सकाळ आठवत होते. बटणचे ओठ माझ्या कानाशी होते. श्वास गरम होता. दात घासल्याचा वास होता. सगळं आठवत होतं, फक्त शब्द नाही. चार वर्षं मी जिला जगापासून राखत होते, ती मला काहीतरी सांगत होती आणि मी कागद मोजत होते.

“वडिलांना लावा,” मॅडम म्हणाल्या. “समोर बघू द्या मला. संमती त्यांच्या तोंडून ऐकते, मग ठरवू.”

जहाज गोदीच्या वाटेवर, किनाऱ्याजवळ होतं म्हणून फोन लागला. पडदा आधी चौकोनी झाला, मग करडा झाला आणि मग त्यात एक दाढी उगवली.

दाढी! पासपोर्टच्या फोटोत गुळगुळीत हनुवटी, आणि इथे छातीपर्यंत झुडूप, त्यावर ग्रीसचे डाग, मागे इंजिनची धडधड. स्वतः मीच दचकले, तर मॅडमचं काय! त्यांनी फोटो पाहिला, पडदा पाहिला आणि फोटो पुन्हा पाहिला.

“हे कोण?”

“माझा नवरा,” मी म्हटलं. पण आवाजात खात्री नव्हती.

मॅडमनी फोन बटणसमोर धरला. “बाळ, हे कोण?”

बटणने मान तिरकी केली. “हे माझे बाबा नाहीत. बाबांना चेहरा नसतो.”

रांगेतल्या आजीबाईंनी दोन्ही हात गालावर ठेवले. कुठेतरी बालसंरक्षणवाल्यांचा नंबर फिरवला जात होता.

“बटण!” इंजिनच्या आवाजावर ओरडत दाढी म्हणाली. “अगं बटण, काय झालं?”

बटण ताठ झाली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. गोष्टी सांगणारा, शिंकल्यावर हसणारा. पण तोंड भलत्याचंच! ती फोनच्या अगदी जवळ गेली, इतकी की तिकडे नाकच दिसलं असेल.

“शब्द?” ती हळूच म्हणाली.

मी डोळे मिटले. संपलं. मला माहीत नाही, तर त्याला कुठून असणार? तो हजारो मैलांवर, तेलात बुडालेला.

“पाणघोड्याचे मोजे!”

डोळे उघडले. बटणच्या चेहऱ्यावर दिवे लागले होते.

“हळू! सगळ्यांना कळेल ना, बाबा!”

“अगं मला ऐकू येत नाही, मोठ्याने बोल! पाणघोड्याचे मोजे, बरोबर ना? आजीने तुझा निरोप पाठवला सकाळी. चार वेळा ऐकला मी!”

“आई,” बटण बाकावरूनच म्हणाली, “आता तू.”

मी आले, गुडघ्यावर बसले आणि तिच्या कानात म्हटलं. मला हुंदका आवरेना, त्यामुळे पाणघोडा जरा तुटक आला. पण तिने चालवून घेतला. ती माझ्या गळ्यात पडली आणि मला तिला सोडताच येईना. टकलू काका नाक शिंकरत होते. पहारेकरी काकांनी कडी काढली.

मॅडम खिडकीत जाऊन बसल्या. माइकवरून त्यांनी नवऱ्याला विचारलं, मुलीच्या पासपोर्टला तुमची संमती आहे का? तो म्हणाला, आहे! मुलीने तुम्हाला कसं ओळखलं? तो म्हणाला, पाणघोड्याचे मोजे! मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

“नवी सही मागवा,” त्या म्हणाल्या. “समुद्र शांत असताना. आली की पासपोर्ट देते.” मग चष्मा काढून त्यांनी बटणकडे पाहिलं. “हिला कुणी पळवणार नाही. काळजी हिच्या आईची वाटते.”

गंमत अशी, की आता तो शब्द सगळ्या ऑफिसला माहीत होता. निघताना पहारेकरी काकांनी प्रेमाने वाकून बटणला म्हटलं, “पाणघोड्याचे मोजे, बरं का!” आणि बटण माझा हात सोडून, नियमाप्रमाणे, त्यांचा हात धरून चालू लागली! मी तिला फाटकापाशी गाठलं.

पासपोर्ट आला. आम्ही गेलो. गोदीच्या फाटकाशी नवरा उभा होता. लेकीला चेहरा दिसावा म्हणून दाढी सफाचट करून! बटणने आधी खाली बघितलं.

“पाय आहेत!” ती मला म्हणाली. मग मान वर करून त्याला म्हणाली, “शब्द?”

“पाणघोड्याचे मोजे!” तो छाती फुगवून म्हणाला.

बटण दोन पावलं मागे सरकली. शब्द आम्ही विमानातच बदलला होता. या वेळी मी टाचण्या बाजूला ठेवून, दोन्ही कानांनी ऐकला होता. फाटकावर बंदूकवाला शिपाई होता आणि बटण छाती भरून श्वास घेत होती. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं बुडणारा माणूस होडीकडे पाहतो. क्षणभर वाटलं, असू दे, खाऊ दे जरा गटांगळ्या! पण मुलीच्या बाबतीत दोन्ही पालकांची संमती लागते म्हणतात ना? मी टाचा उंचावल्या आणि माझी संमती त्याच्या कानात सांगितली. त्याने ती वाकून तिच्या कानात सांगितली. मग तिने त्याचा हात धरला आणि तो तिथेच, फाटकात, खाली बसला. बराच वेळ उठलाच नाही.

तो शब्द काय होता? वा! तुम्ही कोण, कुठले, मला काय ठाऊक?

शिवाय तो आज सकाळी पुन्हा बदललाय. बटणने बालवाडीत जाताना माझ्या कानात सांगितला. त्या वेळी मी मनातल्या मनात ही गोष्ट जुळवत होते आणि “हो हो” म्हणाले. आता शाळा सुटायची वेळ झाली आहे. सासूबाई स्वयंपाकघरात आहेत, त्यांना माहीत आहे. मघाशी विचारलं, तर झारा हातात घेऊन त्या माझ्याकडे नीट निरखून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “आधी तू सांग!”